उभं राहायचा नियम

चामोर्शीच्या आमच्या घरात ऑलिम्पिकचा एक नियम होता. संचलनात आपला झेंडा आला की उभं राहायचं, इतर कोणासाठी नाही. नियम बाबांचा. बाबा इतिहासाचे मास्तर. निवृत्त झाले तरी वर्ग काही सुटला नव्हता. टीव्हीवर एकेक देश यायचा आणि कोण कोणाचा गुलाम होता, कोणी रुसून खेळाडूच पाठवले नव्हते, कोणत्या देशाचे तुकडे झाले, सगळं सुरू. निवेदकाचं एक अक्षर ऐकू येईल तर शपथ!

उद्घाटनाच्या त्या दुपारी बाबांचे मित्र दादा आले होते. पूर्व बंगालातून उठून आलेल्या कुटुंबांना सरकारने आमच्या तालुक्यात वसवलं, त्यांतले हे. तळ्यात मासे पाळतात आणि इथली झाडीबोली आमच्याहून ठसक्यात बोलतात. तरी बाजारात त्यांना अजून कोणीतरी विचारतंच, "तुमी मूळचे कुठचे?"

"आज पकडतो तुमाले," बाबा म्हणाले. "तुमच्या जन्मगावच्या देशाचा झेंडा आला का मंग पाहातो, उभे राह्यता का!"

दादा हसले, पण ते त्यांना लागलं होतं.

पहिला देश गेला. मागून मास्क लावलेले मोजके खेळाडू आले, हातात पाच कड्यांचा झेंडा.

"हे निर्वासित," बाबांनी माहिती पुरवली. "घरदार सोडून पळालेले. याइले देशच नाई. याइच्यासाठी कोन उभं राह्यते?"

गुडघ्यावर हात टेकत दादा उभे राहिले.

बाबांची वाचाच बसली. इतकी शांतता ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"बसा ना दादा, आपला नंबर यायचा आहे अजून," बाबा कसेबसे म्हणाले.

"नाई मास्तर. आधी मी हाच होतो, मंग तुमचा झालो. आता इंडिया आल्यावरच बसतो."

मग बाबा उठले, मी उठले, आई चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. मला भरून येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. आपला झेंडा आला तेव्हा दादांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, मग हुश्श करून बसले.

बऱ्याच देशांनंतर त्यांच्या जन्मगावच्या देशाचा झेंडा आला. दादा निवांत चहा पीत होते. बाबा मात्र उठले.

"तुमी बसा," ते म्हणाले. "तुमचे गुडघे दुखते. तुमच्या वाटचा मी राह्यतो उभा."