महामायाबाई आणि ‘दत्तक’ नावाचं खूळ

समारंभ म्हटला की महामायाबाईंच्या कपाळाला आठी पडते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीकडच्या वसतिशाळेच्या त्या अधीक्षिका. मी तिथं गणित शिकवतो आणि समारंभाला सतरंज्या अंथरतो. आईबाप गेलेल्या मुलांचा खर्च शहरातली माणसं उचलतात, हे चांगलंच आहे. पण आमच्या अध्यक्षांना नुसतं चांगलं पुरत नाही, त्याला हार, माईक आणि मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी आठ वर्षांच्या छकुलीला स्टेजवर उभं केलं आणि जाहीर केलं, “पुण्याच्या साहेबांनी हिला दत्तक घेतलं आहे!” टाळ्याच टाळ्या. साहेब बिचारे फक्त फी आणि जेवणाखाण्याचा खर्च देणार होते.

छकुलीचे वडील, गोपाल, विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेले. आई त्याआधीच गेलेली. काका उकंडराव टाळ्या वाजवण्यात सगळ्यांच्या पुढे. भावाच्या वाट्याचं शेत तेच वाहत होते, त्यामुळे ‘दत्तक’ हा शब्द त्यांना फारच गोड लागला. या गृहस्थांनी जन्मात पुस्तक उघडलं नाही, पण दत्तक गेलेल्याचा घरातला हक्क सुटतो एवढा अर्धवट कायदा तोंडपाठ! जाताना पोरीला सांगून गेले, “आता तू पुण्यावाल्याइची. गोपालचं नाव लावाचं नाही.”

त्या दिवसापासून छकुली धड जेवेना. हजेरीत “छकुली गोपाल” म्हटलं की गप्प. अध्यक्षांनी निदान केलं, मुलगी लाजाळू आहे. मोठे आले डॉक्टर!

बाईंच्या वसतिगृहात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बंदी नाही. रविवारी मुलींच्या वेण्या घालताना त्या एकेकीला विचारतात, तुझी आई भाकरी कशी थापायची, बाबा हाक कशी मारायचा. मुली सांगतात, हसतात, रडतात, आणि हळूहळू त्यांना नीट झोप लागायला लागते. छकुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा आता माह्या नाही ना, बाई. मले दत्तक देल्लं.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. साहेबांना त्या शब्दाची लाज वाटली. हार घालून घेणाऱ्या माणसांत हे दुर्मीळच. ते छकुलीला म्हणाले, “बाळा, मी तुझी फी भरतो, भरत राहीन. पण तुझे बाबा गोपालच.” छकुलीनं ऐकून घेतलं. पटलं नाही. काका घरचा माणूस, त्याचं ती खरं मानत होती.

म्हणून अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाई तिला घेऊन थेट उकंडरावांच्या दारात गेल्या. मीही गेलो. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात, त्यांना जेवायला हाक मारतात. बाईंच्या घरी बुद्धवंदना होते, घागरीवर-पितरांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही; पण छकुलीला तिचा बाप काकाच्याच घरी परत मिळायला हवा होता.

“गोपालची घागर कोन भरन?” बाईंनी विचारलं.

“मीच भरतो. पोरगी दत्तक गेली न.”

“कोन्त्या कोर्टात गेली? कागद दाखवा. नाही त चाला बुलढाण्याले, वकिलाले इचारू. गोपालच्या वावराचंही तिथंच इचारून घेऊ.”

शेताचं नाव निघालं आणि उकंडरावांना एकदम खोकला आला. चावडीवर गर्जना करणारा हा वाघ, निमूटपणे पोरीसाठी पाट मांडायला लागला. “मी कुठी नाही म्हनलं, बाई?”

छकुलीनं घागर भरली. पुरणपोळीचा घास ठेवला. “बाबा, जेवाले ये,” एवढं म्हणाली आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. उकंडराव मात्र शहाणपणा शिकवायला पुढे, “सनाच्या दिवशी रडू नाही, पोरी.”

“चूप बसा!” बाई ओरडल्या. “बाप मेला तिचा. रडू द्या तिले.”

छकुली पोटभर रडली. मग बाईंच्या पदराला नाक पुसून तिनं जेवायला वाढा म्हणून सांगितलं.