उपाशी पेशी

मागच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, आईच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. त्याआधी दोन महिने ती खोकत होती. नंदुरबारला लाल मिरची उघड्यावर पसरून वाळवतात, त्या पथारीवर ती देठ खुडायला जायची. तिथे सगळ्याच बाया खोकतात. त्यामुळे तिच्या खोकल्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. "मिरचीना खोकला शे," ती म्हणायची.

गोळ्या सुरू झाल्या. माझी धाकटी बहीण शहाद्याला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. औषधाशिवाय शरीर स्वतः काय करतं, असं मी तिला फोनवर विचारलं. तिने सांगितलं ते असं: आत घुसलेल्या जंतूवर पेशी खूण करते, त्याला पडद्याच्या पिशवीत गुंडाळते आणि ती पिशवी पाचकरसाच्या कोठीला जोडते. आपले मोडके भागही ती असेच पचवते. अन्न भरपूर असताना या कामावर ब्रेक असतो. उपासमारीत तो सुटतो, जंतू शिरल्यावरही सुटतो. मात्र टीबीचा जंतू पिशवी कोठीला जोडली जाऊ नये म्हणून अडथळे आणतो.

आईला मी एवढंच सांगितलं: पेशी जंतू खाते, उपाशी असली की जास्त खाते. आमच्या पेपरात जागा कमी पडली की बातमीच्या शेवटच्या ओळी कापतात. मी तेच केलं होतं.

तीन आठवड्यांनी मी तिला आरोग्य केंद्रात नेलं, तिथे तिचं वजन केलं. तीन किलो कमी भरलं.

"मावशी, गोळ्या चुकवता का?" नर्सबाईंनी विचारलं.

"गोळ्या रोज घेस. सांजनं जेवण सोडं."

"का?"

"पेशीस्ले उपाशी ठेवी ऱ्हायनी. मन्हा पोऱ्यानी सांगं. पेपरमा लिहस तो."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आता दुरुस्ती छापा."

त्या रविवारी बहीण घरी आली आणि आईसमोर बसली. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशीची भूक वेगळी, आजारी माणसाची वेगळी, असं तिने समजावलं. जंतू दिसला की जेवलेल्या माणसाची पेशीही ब्रेक सोडते, त्यासाठी पोट रिकामं लागत नाही. उलट उपासाने अंगातली ताकद जाते. आणि या जंतूपुढे पेशी एकटी पुरत नाही, गोळ्या पूर्ण कराव्याच लागतात.

आईने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई पहिले कसाले नही सांगं?"

"लांबलं असतं."

"तुन्ही बातमी मन्हा पोटवर पडनी. आते भाकर वाढ."

त्या रात्रीपासून ती दोन्ही वेळा जेवू लागली. गोळ्या सहा महिने चालल्या. शेवटच्या वजनात गेलेले तीन किलो भरून आले होते. त्याच दिवशी दिलेल्या थुंकीत जंतू आढळले नाहीत.