बंद वॉल्व्हचं पाणी

आधीच सांगतो, भूतखेत, करणी-बिरणी यातलं मला काही पटत नाही. या ग्रुपवर लोक टाकतात ते अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं खिदळायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय... हसा हवं तर.

मी दिंडोशीला एका वकिलांकडे कारकून आहे. राहतो बोरिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं आणखी एक वन-रूम-किचन आहे, तिथे सावंतकाकू भाड्याने राहायच्या. एकट्या, मूळच्या कणकवलीकडच्या. अकरा महिन्यांचा करार कधीच संपला होता, नवा मी केलाच नाही. महिन्यामागून महिना, सगळं तोंडी, अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या श्रावणात मला एक कंपनीतला भाडेकरू मिळाला. त्याला गणपती झाले की लगेच यायचं होतं, आणि त्याआधी घराला रंग हवा होता. काकूंना म्हटलं, "आठ दिवसांत खाली करा."

"दीड दिवसाचो गणपती आसा रे माझो. ह्याच घरात बसता. तेवढो होवंदे, मगे मी आपसूक जातंय."

"काकू, करार नाही तुमच्याकडे. कायद्याने तुम्हाला एक दिवसही राहता येत नाही."

आता खरं सांगतो. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक घरमालकाला मीच बजावतो — करार संपलेला असो नसो, रीतसर नोटीस द्या, कोर्टातून जा, आणि पाणी-वीज तोडायच्या भानगडीत पडू नका, तो गुन्हा आहे. हे तोंडपाठ असलेला माणूस मी! आणि काकू हलेनात तेव्हा गच्चीवर जाऊन त्यांच्या लाइनचा वॉल्व्ह आवळून आलो. वर "सोसायटीचं काम निघालंय" अशी थापही मारली. चार दिवस म्हातारीने खालून तीन जिने बादल्या चढवल्या. पाचव्या दिवशी मानखुर्दला बहिणीकडे निघून गेली. भांडलीसुद्धा नाही. आणि मला तेव्हा लाज वाटली नाही, हे जास्त वाईट.

चतुर्थीला सकाळी दहाच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या अनुराधाताई दारात. "अहो, तुमच्या वरच्या घरात धो धो पाणी चाललंय, माझं किचन गळतंय!"

"शक्यच नाही, वॉल्व्ह बंद आहे."

"मग येऊन बघा ना!"

चावी माझ्याकडेच होती, रंगारी दोन दिवसांपासून सुट्टीवर. कुलूप उघडलं तर स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडलेला. तो फिरवून बंद केला, तरी पाणी चालूच. गच्चीवर धावलो. वॉल्व्ह मी आवळला होता तसाच. प्लंबरला बोलावलं, त्याने वॉल्व्हखालचा पाइप सोडवून दाखवला. आत थेंब नाही, आणि खाली नळ वाहतोय!

"सेठ, ये पानी टंकी का नहीं है," एवढं बोलून त्याने हत्यारं गोळा केली आणि सटकला.

दीड दिवस मी तिथे पोछा आणि बादली घेऊन बसून होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून विसर्जनाला निघालेल्यांचा गजर ऐकू आला आणि नळ थांबला. आपोआप.

पोछा तिथेच टाकला. तसाच काकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, गणपती कुठे बसवला यंदा?"

"नाय रे, बसवलो नाय. बहिणीकडे जागा खंय?"

"काकू... परत या तुम्ही. आजच या."



"नको रे बाबा. कायद्यात बसणा नाय म्हटलंस मां? माझ्यापायी तुझ्या नोकरीक बट्टा नको. माझी बहीण म्हणा होती, कोणाक तरी विचार. मी म्हटलंय, कित्याक? तो कोर्टातलो माणूस, तो खोटा कित्याक सांगात?"

ते पाणी अनुराधाताईंनी पाहिलं, प्लंबरने पाहिलं, मी पाहिलं. कुठून आलं, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, मलाही नाही. पण त्या दिवशी फोनवर "काकू, मी खोटं बोललो होतो" एवढं मला म्हणता आलं नाही. "बरं, तब्येतीला जपा" म्हणून मी फोन ठेवला... आणि अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.