मामाच्या मानेचं दुखणं

बाळांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी जिउ-जित्सूच्या क्लासला नाव घातल्याचं सांगितलंत. मी घाबरले, तर "आजी, इट्स सेफ, वी जस्ट टॅप!" म्हणून हसलात. तुमच्या मामाचं आजारपण आम्ही तुम्हाला कळू दिलं नव्हतं. आता सांगायलाच हवं.

हा कुस्तीसारखा खेळ इथे आखातात शाळेतली मुलंही शिकतात. मामा हमरिया बंदराकडच्या ऑफिसातून सुटला की क्लबात तोच खेळायला जायचा. त्यात मागून गळ्याभोवती हात आवळतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून वेळेवर हाताने थापटायचं, की समोरचा सोडतो; तोच तुमचा टॅप. एका संध्याकाळी तिथल्या एका तरुणाने पकड घातली आणि विचारलं, "खलास, अंकल?" मामाला ते 'अंकल' झोंबलं. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कुठे त्याने थापटलं.

दुसऱ्या दिवशी मान दुखायला लागली. इकडे मान दुखली की सगळ्यांचं निदान एकच, एसीचा वारा लागला. मामीने एसीच्या झडपा वर वळवल्या, मी मफलर दिला. तरी दुखणं हटेना, तेव्हा तो म्हणाला, "आई, खालच्या सलूनमध्ये मान मोडून घेतो. लगेच मोकळी होईल."

तो दाराशी बूट घालत होता. मामी म्हणाली, "डोळा काय मारतोस रे? आई बसल्यात इथे."

"मी कुठे मारतोय?"

ती हसत जवळ गेली आणि वाकून त्याच्या डोळ्यांत बघू लागली. त्याची डावी पापणी खाली आली होती. त्या डोळ्यातली बाहुलीही दुसरीपेक्षा बारीक दिसत होती.

सलून राहिलं बाजूला, आम्ही तडक हॉस्पिटलला निघालो; गाडी मामीने चालवली. मी मागे बसून त्याला बोलतं ठेवलं. ऑफिसात कोण आलं, डब्यात काय होतं, काहीही.

"आई, इंटरव्ह्यू घेतेस का माझा?"

मला फक्त त्याचे उच्चार ऐकायचे होते, जीभ जडावत तर नाही ना. बोलता बोलता तो जरा थांबला, की मी लगेच पुढचा प्रश्न विचारी.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गळा आवळल्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय आणि शेजारची नस दबून पापणी उतरलीय. तिथे गुठळी होऊन मेंदूत गेली, तर अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, "मानेला मालिश केलंत? मान मोडून घेतलीत?" आम्ही तिघंही नाही म्हणालो. तसं केलं असतं तर ती फाट आणखी वाढली असती, असं त्या म्हणाल्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी त्याच्या खोलीतून आवाज येईपर्यंत मी चहासुद्धा घेत नसे.

सगळ्यांना असं होत नाही, मला ठाऊक आहे. पण थापटायला लाजू नका. नंतर मान किंवा डोकं दुखलं, डोळ्यात काही वेगळं दिसलं, तर त्याच दिवशी आईला सांगा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

मामाची पापणी अजून थोडी खाली आहे. त्याची वाचा शाबूत आहे, हातपाय चालतात, आणि तो रोज कामावर जातो.