वायर काढून बघणारे मामा

आमच्या यांच्या मामांसारखं माणूस कुपवाडात तर न्हाईच, पण सांगली-सातारा दोन्ही जिल्हं पालथं घातलं तरी गावायचं न्हाई, हे मी पैजेवर सांगते. नात्यानं माजे मामेसासरे. पलटणीत वायरलेसवर व्हते, पेन्शनीत आले आणि आमच्या पंपाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला बसले. मशीनच्या खोलीत शिरताना चप्पल भाईर काढायचे, आत जाऊन आधी कडक सलाम ठोकायचे, मगच बटणाला हात. खोलीत एसी, म्हणून ऐन मे महिन्यात स्वेटर आणि मफलर. आत पाच जुनी मशीनं, त्यांना हुद्दं दिल्यालं. स्टोअरचं सुभेदार, डिझाइनचं हवालदार, असं उतरत उतरत माज्या गेटपासचं मशीन शिपाई. एखादं तापलं की पाठीवर हात ठेवून विचारायचे, काय रं गड्या, झोप न्हाई झाली व्हय. खंडेनवमीला लोकं लेथला हार घालतात, मामा पाची मशीनला घालायचे. एकदा झेंडूच्या पाकळ्या पंख्यात अडकून हवालदार दोन दिवस खोकत व्हता, तरी पुढच्या वर्षी हार घातलाच, फकस्त शेवंतीचा.

मी नववीपर्यंत शिकल्याली, हे बॉर्डरवर, पदरात दीड वर्साची चिमी. मामांनीच साहेबांना सांगून मला गेटपासच्या टेबलावर बसवलं. माल भाईर निघाला की टेबलावरच्या पडद्यावरनं आतल्या मशीनवर पास काढायचा आणि वॉचमनला द्यायचा, एवढंच काम, पण मला रोज वाटायचं, आज काढून टाकतील, आज न्हाई तर उद्या.

त्यात साहेबांनी काढलं की जुनी मशीनं लय झाली, काय तरी एक ठरवा. पुण्याचा एक माणूस आला, म्हणाला सगळंच इंटरनेटवर लांब ठेवा. मामांनी त्याला इचारलं, रस्त्यावर जेसीबीनं वायर तोडली तर मालाचा ट्रक गेटावर इंटरनेटची वाट बघत हुबा ऱ्हाणार का. त्यांचं म्हणणं, एकच मोठं मशीन घ्यायचं आणि जुन्यांचं सगळं काम त्याच्या पोटात येगळं येगळं बसवायचं. मला समजावलं, "घर एक, चुली येगळ्या. एकीचा भात करपला तरी दुसरीचं जेवण चुकत न्हाई."

पण पाचीच्या पाची आत घ्यायची का? ते ठरवायची मामांची रीत न्यारीच. कुणाला न सांगता एका मशीनची वायर काढायची आणि खोलीभाईर चहा पीत बसायचं. ज्याचं अडलं तो बोंबलत येतो. आला की वायर लावायची आणि मशीनचं नाव यादीत. सुभेदाराची काढली तवा स्टोअर सांभाळणारे भाऊ निम्म्या चहातच धावत आले, मामा खूश. दोन दिवस कुणीच आलं न्हाई, तर ते मशीन भंगारात.

एका सोमवारी सासूबाईंना ताप, म्हणून मी चिमीला कारखान्यात आणली. तिनं दोन्ही हातांनी कीबोर्डवर धपाधप मारलं, आणि त्याच घटकेला पडद्यावर आलं, संपर्क न्हाई. पोरीनं मोडलं. कुणाला सांगू, सांगितलं तर नोकरी गेली. मी आपली वही काढली आणि दोन दिवस हातानं पास लिहिलं, पडद्यावर रुमाल टाकून. वॉचमन काका अक्षराला हसले, पण ट्रक सोडले.

बुधवारी वहीवर सही घ्यायला साहेबांकडं गेले, तर मामा यादी वाचत व्हते. गेटपासच्या मशीनसाठी कुणी ओरडलं न्हाई, म्हणजे लागत न्हाई. साहेब म्हणाले, मग ते टेबल तरी कशाला पायजे.

पळून जावं वाटलं. पण तोंडातनं आलंच.

"आवं मामा, माज्या चिमीनं मोडलंय ते. लागतंय की मला. दोन दिवस हातानं लिवतीया मी."

मामांनी वही घेतली, पान न् पान बघितलं. मग खुर्चीत बसले, मफलर सोडला.

"पोरी, वायर मी काढली व्हती."

मी तितंच रडले. मामा साहेबांना म्हणाले, "परीक्षा माजीच चुकली. भिणारं माणूस ओरडत न्हाई, हे पलटणीत शिकून बी इसरलो." आणि यादी फाडली. दुसऱ्या दिवसापासनं टेबलाटेबलावर जाऊन इचारायला लागले, आधी जे गप असतात त्यांना.

आता एकच मोठं मशीन गुणगुणतंय, पोटात पाची. टेबल बी हाय, मी बी हाय. मामा दिवाळीला काम सोडून गावी कडेगावला गेले, उसाकडं बघतो म्हणाले. जाताना आतल्या माज्या मशीनचं नाव बदलून गेले. सकाळी पडदा लावला की येतं, चिमी चालू हाय.

मधी एकदा खरंच बंद पडलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवा कॉम्प्युटरवाला चप्पल घालूनच आत पळाला. संध्याकाळी फोनवर मामांना सांगितलं, तर लय हसले. मग हळूच इचारलं, "आत जाताना सलाम करतो का गं तो?"

मी म्हणलं, व्हय मामा, करतो की. आणि तवापासनं रोज सकाळी, कुणी बघत न्हाई तवा, मीच करते.