महागूभाऊजींचा लाल झेंडा

१० एप्रिल २०२४, बुधवार. ऊन कडक. दुपारची बस आली, महागूभाऊजी आले नाहीत. फोन बंद.

वहीत एवढं लिहून साधनाबाई पुन्हा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. किरनापूरहून बालाघाटला यायला असा कितीसा वेळ लागतो? दिराला बोलावलं त्यांनीच होतं, आणि सासऱ्यांचा झेंडा घेऊन या, असंही त्यांनीच सांगितलं होतं. चौदा तारखेला बाबासाहेबांच्या जयंतीला तो बुद्धविहाराच्या भिंतीवर लावायचा होता.

"निवडणूक हाय, नाक्यानाक्यावर झडती सुरू हाय," सून आम्रपाली आतून म्हणाली. "त्यात लाल झेंडा! जंगलवाल्या नक्षल्यांचा समजून बसवून ठेवलं असन काकाले. मजूर पक्ष आज कोणाले माहीत हाय?"

साधनाबाईंनी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. खरंच, कोणाला माहीत होतं? छत्तीस साली बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला तेव्हा सासरे बिड्या वळत. मालक चांगल्या बिड्याही खराब म्हणून बाजूला काढी आणि मजुरी कापी. त्या रागानं सासरे पक्षात गेले. सासूबाईंनी जुन्या धोतराचे पांढरे तारे कापून लाल कापडावर शिवले, पक्षाच्या झेंड्यासारखे. सहाएक वर्षांत तो पक्ष संपला, पुढे निळा झेंडा आला, लोक लाल विसरले. भाऊजी विसरले नाहीत. ते स्वतः कुठल्याच पक्षात गेले नाहीत, लग्नही केलं नाही. वडिलांसारख्या बिड्या वळत राहिले आणि दर उन्हाळ्यात झेंडा झटकून पुन्हा पेटीत ठेवत राहिले.

दिवेलागणीला ते आले. काखेत ओलसर गाठोडं.

"अहो, होतात कुठे? आणि झेंडा?"

"हौ वहिनी, बसू तं द्या. दुपारची बस हुकली, मागची नाक्यावर अडकली, समद्याइचे झोले उपसले. फोनले चार्ज नव्हता." त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "हाच झेंडा. वरून उलटा बांधला, आत बिडीचा तेंदूपत्ता भरला. बिडीवाल्या म्हाताऱ्याले कोण इचारते? शिपाई म्हणे, 'चाचा, कट्टा है क्या?' तो इचारे गावठी पिस्तूल, म्या देला बिड्याइचा कट्टा!"

आम्रपाली खळखळून हसली. साधनाबाईंनी गाठ सोडली आणि त्यांचा हात थांबला.

पत्ता मऊ राहावा म्हणून ओल्या फडक्यात बांधायचा, ही भाऊजींची जन्माची सवय. झेंडाही त्यांनी तसाच भिजवून पिळला होता. जुना रंग सुटला होता. तारे गुलाबी पडले होते, मधोमध पानांचे तपकिरी डाग.

भाऊजी एका ताऱ्यावर बोट फिरवत राहिले. "हात आपसूकच पाण्यात गेला, वहिनी. मायच्या हातचे होते हे." मग हळूच, "आता काहून लावतीन विहारात?"

"लावायचा. विचारलं तर काय झालं ते सांगायचं," साधनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झेंडा उलगडून धरला. रंग अजून हाताला लागतच होता.

रात्री जेवणं होण्याआधी त्यांनी वहीत दुपारच्या नोंदीखाली लिहिलं: भाऊजी सुखरूप पोचले. झेंडा मागच्या खोलीत पंख्याखाली पसरला. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला काखेत लाल रंग लागला आहे, तो वेगळा भिजवला.