टाच बरी झाल्यावर

लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यातून हसण्याचा गलका आला, की आमच्या रिहे गावातली माणसं ओळखतात, तिथं मी बसलोय. गोष्टी सांगणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. पण ही एक गोष्ट मी कुठल्याच मांडवात सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय. एका टाचेची आहे — हसा खुशाल, सुरुवातीला मीही हसलोच.

टाच माझी, उजवी. पिरंगुटच्या कंपनीत मी सिमेंटच्या जमिनीवर आठ-आठ तास उभा असायचो. एका सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं आणि टाचेत खिळा घुसला. दहा-वीस पावलांनी सैल पडायचं. जरा बसून उठलं, की पुन्हा खिळा. ते दुखणं खरं होतं. तेवढंच खरं होतं.

मी बिनलग्नाचा, थोरल्या भावाच्या घरात राहतो. वहिनी या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. रोज सकाळी ती चुलीत वीट तापवायची, वर रुईची पानं ठेवायची आणि माझी टाच शेकायची. मी कण्हायचो. काय कण्हायचो — ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

आमच्याकडं भातलावणीला सावड असते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. कुठल्या घरातून किती माणसं यायची ते ठरलेलं. आमच्या घरातून तीन. त्या वर्षी माझ्या वाटची पात, म्हणजे रोपांची ओळ, वहिनीनं लावली. मी बांधावर बसून गोष्टी सांगितल्या. खाली चिखलात वाकलेल्या बाया हसतायत, वर मी छत्रीखाली — तुम्ही उठला असता तिथून?

पुढं कंपनीतल्या एकानं पिरंगुटच्याच एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्यांनी फोटो काढला. टाचेचं हाड वाढलेलं दिसत होतं, पण दुखणं त्याचं नाही म्हणाल्या. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तो दुखावलाय. उठायच्या आधी टॉवेलनं पायाची बोटं आपल्याकडं ओढायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती तळव्याखाली फिरवायची. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, मऊ चपला घालायच्या. आणि धीर धरायचा. टॉवेलचं मी पांघरुणाखाली उरकायचो, बाकीचं कंपनीत, कपाटांच्या खोलीत. अडीच महिन्यांत टाच ठणठणीत. बाईंना पेढे नेऊन दिले.

डॉक्टरीणबाईंकडं गेलो ते घरी ठाऊक होतं. बरा झालो हे सांगितलं का? नाही. का नाही? — लावणी जवळ आली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा बांधावर. लंगडणं मी इतकं मन लावून करायचो, की एकदा चुकून डाव्या पायानं लंगडलो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला त्याचंही हसू आलं होतं.

आता येतो — थांबा, येतोच.

तिसऱ्या लावणीनंतर वहिनीची टाच धरली. दोघांची पात लावून, दुसरं काय. एका सकाळी भिंत धरत माझ्यापाशी आली. म्हणाली, "भावजी, त्या डाक्टरीणबाईनं तुमाला काय सांगितलं व्हतं? मला पाऊलच टेकवंना."

दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण ती बरी झाली, तर मी कसा नाही झालो? मी तोंड पाडलं आणि म्हणालो, "याला विलाज न्हाई वहिनी. जन्माचं दुखणं हाय हे."

तिनं ते मानलं. माझ्या शब्दावर तिनं दोन वर्षं काढली. सकाळी वीट तापवायची, आधी माझी टाच शेकायची. मग वीट निवत आली, की तिच्यावर स्वतःची टेकायची. आणि मी कण्हत होतो.

शेवटी महाळुंग्याला दिलेली पुतणी, वहिनीची लेक, तिला ओढून डॉक्टरकडं घेऊन गेली. त्याच बाईंकडं. संध्याकाळी वहिनी परत आली, पिशवी खुंटीला लावली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं,

"पेढे कुटल्या दुकानातलं व्हतं, भावजी?"

एवढंच. भावाला ती काही बोलली नाही, गावात कुणाला नाही. सकाळी वीट तापली नाही. भिंतीला हात टेकून ती पोटरी ताणत होती, मी चहा पीत होतो. चार महिन्यांत ती बरी झाली.

यंदाच्या लावणीला मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात पाय घातला. कुणीतरी म्हणालं, "आज सूर्य कुटं उगावला? टाच बरी झाली व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. मान वर न करता. "बसू द्या त्यान्ला वर. त्यांची टाच न्हाई बरी व्हायची."

चिखलातला पाय मी काढून घेतला. बाया म्हणाल्या, गोष्ट सांगा. मी सांगितली, चांगली रंगवून सांगितली, सगळ्या हसल्या. वहिनीनं तिची पात संपवली, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि माझी लावायला वाकली.